केळी उलटेपर्यंत रिकामं

मित्रांनो, मी एक जुनं जठर आहे. आगाशीच्या यमुनाच्या पोटात, डाव्या फासळ्यांच्या आडोशाला, जरा तिरका पडून मी तिच्या जन्मापासून राबतो आहे. आपली कहाणी जन्मापासून सांगावी अशी रीत आहे, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करणार होतो. माझा जन्म मिठागराकाठच्या एका

थांबा.

कोरा चहा आला. कढत, बिनदुधाचा. त्याच्या मागोमाग एक कॅप्सूल. पाठोपाठ भाकरीचा तुकडा येईल म्हणून मी वाट पाहतो आहे. बिस्किट तरी.

काही नाही. वरचं दार मिटलं.

मला हीच भीती होती. माझी गोष्ट तुम्हाला अशी तुटक तुटकच ऐकावी लागेल. वरून काय येणार आणि कधी येणार, हे माझ्या हातात नाही. जे येईल त्याला सामोरं जायचं, एवढंच मला येतं. पुन्हा सुरुवात करतो.

माझा जन्म मिठागराकाठच्या गावातला. यमुनाची आई बायजा मीठ ओढायला जायची आणि पोरीला बांधावर निजवायची. मी तेव्हा लिंबाएवढा होतो. आधी दूध आलं, मग तांदळाची पेज, मग एके दिवशी सुक्या बोंबलाचा तुकडा. त्या दिवशी मला माझं खरं काम कळलं.

ते काम कसं चालतं, ते सांगतो. भाकरीचा घास तोंडात असतो तेव्हाच लाळ त्याच्यावर काम सुरू करते. म्हणून तर भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते. गिळल्यावर अन्ननलिका घास ढकलत ढकलत माझ्यापर्यंत आणते. वरचं दार उघडतं, घास आत येतो, दार लगेच मिटतं. मग मी आम्ल सोडतो. ते इतकं जहाल असतं की अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू त्यात मरतात. त्या आम्लासोबत पेप्सिन नावाचा पाचक रस असतो. तो बोंबलाचं मांस तोडून त्याचे बारीक तुकडे करतो. माझ्या भिंतीत स्नायूंचे उभे, आडवे आणि तिरपे थर आहेत. त्यांनी मी सगळं पिळतो, घुसळतो, पुन्हा पिळतो. काही तासांनी भाकरी आणि बोंबील ओळखू येत नाहीत. पेजेसारखं पातळ काहीतरी तयार होतं. ते मी खालच्या दारातून थोडं थोडं लहान आतड्याकडे सोडतो. अंगाला लागायचं ते तिथे लागतं. लोक पचनाचं सगळं श्रेय मला देतात. ते बरोबर नाही. माझ्यापुढचं काम आतडं करतं, आणि ते माझ्याहून फार मोठं आहे.

आता तुम्ही विचाराल, जे आम्ल बोंबलाचं मांस विरघळवतं ते तुला का खात नाही? तूही मांसाचाच ना?

हा प्रश्न मला जन्मापासून झोपू देत नाही.

माझ्या आतल्या भिंतीवर एक बुळबुळीत थर असतो. भेंडी चिरताना बोटांना लागते तशी बुळबुळ समजा. आम्ल आणि मी, आमच्यामध्ये तेवढंच काय ते. मी हा थर सतत तयार करतो, आणि त्याच्याखालचं माझं अस्तर दर काही दिवसांनी नवं घालतो. एका जागीही तो पातळ झाला, की माझंच आम्ल मला खायला लागेल. तो थर राखणं हीच माझी नोकरी. पचन वगैरे त्यानंतर.

यमुना लहान असतानाच त्या थरात कोणीतरी शिरलं. हंड्यातल्या पाण्यातून आलं की कोणाच्या उष्ट्या घासातून, मला माहीत नाही. पिळदार अंगाचा एक जंतू होता. हेलिकोबॅक्टर पायलोरी असं त्याचं लांबलचक नाव मी पुढे ऐकलं. बाकीचे जंतू माझ्या आम्लात मरतात. हा मेला नाही. त्याने स्वतःभोवती आम्ल मारणारा रस सोडला आणि बुळबुळीत थराखाली घर केलं. तेव्हापासून तो तिथेच आहे. पुष्कळ माणसांच्या पोटात तो असतो आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर काही करत नाही. मलाही त्याने कित्येक वर्षं काही केलं नाही. अस्तर मात्र जरा लालसर, जरा सुजलेलं राहू लागलं. मी म्हटलं, चालायचंच. आणि

थांबा. पाणी आलं. नुसतं पाणी. ते माझ्याकडे फार थांबत नाही, गेलंच.

यमुना लग्न होऊन आगाशीत शत्रुघ्नच्या घरी आली. हे घर सुकेळीवाल्यांचं. थंडी पडली की वाडीतली राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या तट्ट्यांवर एकेक ओळीने लावायची आणि उन्हात वाळवायची. दुपारी ऊन फिरलं की ती उलटायची. संध्याकाळी तट्ट्या आत घ्यायच्या, सकाळी पुन्हा बाहेर. काही दिवसांनी केळं मधाच्या रंगाचं आणि चिवट होतं.

ही सुकेळी लोक उपासाला खातात, देवापुढे ठेवतात. म्हणून यमुनाच्या सासूने घरात एक नियम घातला होता. उष्ट्या हाताने केळी लावायची नाहीत. आणि सासूच्या लेखी, एकदा घास उचलला की तो हात कितीही धुतला तरी त्या दिवसापुरता उष्टाच. मग लावणारीने दुपारी केळी उलटेपर्यंत काही खायचंच नाही. चहा चालेल, कारण चहाला हात लागत नाही.

सासू गेली. नियम राहिला. मी त्याची सवय करून घेतली. रिकाम्या दुपारी मी गुरगुरायचो आणि यमुना पोटावर थाप मारून म्हणायची, "गप रे, उलटून होऊ दे." मला ते आवडायचं. कोणीतरी माझ्याशी बोलत होतं.

मग तिची कंबर गेली.

दिवसभर ओणवं राहायचं म्हटल्यावर ती जाणारच. शत्रुघ्नने मेडिकलमधून दुखण्यावरची गोळी आणली. घेतली आणि यमुना ताठ उभी राहिली. त्याला वाटलं, आपण जिंकलो. तो सारखी आणू लागला. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही.

"जेवून घे गो, गरम पडते म्हनतात," तो म्हणाला होता.

"जेवू कशी? केळी लावायची हायत. आनि गोळी म्हंजे काय खानं हाय?"

गोळी हाताने तोंडात टाकली तरी हात उष्टा होत नाही, असं तिनेच ठरवलं. सासू असती तर तिला विचारता आलं असतं. दरवर्षी थंडी पडली की सकाळी कोरा चहा आणि गोळी सुरू व्हायची, आणि पाऊस आला की थांबायची.

मित्रांनो, ती गोळी वाईट नाही. तिचं काम दुखणं थांबवणं. पण अंगात ज्या द्रव्यामुळे सूज आणि दुखणं वाढतं, त्याच जातीच्या द्रव्याच्या सांगण्यावरून मी माझा बुळबुळीत थर बनवत असतो. गोळी दोन्हीकडची बंद करते. कंबर गप्प होते आणि इकडे थर पातळ होतो. खाली तो जंतू आधीच बसलेला. मागच्या थंडीत अस्तर एका जागी विरून झिरपू लागलं, या थंडीत तिथे पुरतं उघडं पडलं. आम्ल तिथे पोचलं.

आधी ओरखडा. मग खळगा. मग खळग्याच्या तळाशी एक बारीक रक्तवाहिनी.

मी ओरडायला हवं होतं. पण माझ्याकडे शब्द फार थोडे आहेत. जळजळ, मळमळ, ओकारी, कळ. कळ ही त्यातली सगळ्यात मोठी, आणि ती तर गोळीने आधीच दाबलेली. जळजळ तेवढी पाठवली. ती वर पोचली, तिचा अर्थ मात्र भलताच लागला.

"आई, तुम्ही तिखट बंद करा बघू," सून संजना म्हणाली. ती विरारला नोकरीला जाते, डबा भरता भरता बोलत होती. "ॲसिडिटी झाली आहे तुम्हाला. मिरचीनेच होते."

"मग काय दूधभात खाऊ म्हाताऱ्यांसारखा?"

"टेन्शन पण घेऊ नका."

"टेन्शन तुझ्या लोकलला असतं. मला कसलं?"

तिने मिरची सोडली. चटणीसुद्धा सोडली, बिचारीने. मिरची माझ्या जखमेला झोंबते, हे खरं. काळजीने दुखणं वाढतं, हेही खरं. पण खळगा मिरचीने पाडला नव्हता, काळजीनेही नाही. तो जंतूने आणि गोळीने पाडला. आणि गोळी चालूच होती.

रक्त झिरपू लागलं. थेंब थेंब. माझ्या आम्लात पडलं की रक्त लाल राहत नाही, काळं होतं. ते आतड्यातून खाली जातं आणि शौच डांबरासारखं काळं, चिकट होतं. हा माझा शेवटचा निरोप होता. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही.

निरोप पोचला. यमुनाने पाहिला. आणि

थांबा. पुन्हा कोरा चहा. भाकरी नाहीच.

आणि ती घाबरली नाही. कारण पावसाळ्यात गावात तपासणी झाली तेव्हा तिचं रक्त कमी निघालं होतं. मागच्या थंडीपासून मी थोडा थोडा झिरपत होतो, म्हणूनच ते कमी होतं, पण हे कोणाला ठाऊक? आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, काळी शी होईल, घाबरायचं नाही. यमुनाने ते मनात पक्कं धरलं. शौच काळं दिसलं की ती म्हणायची, गोळ्या लागू पडतायत.

माझं रक्त चाललं होतं आणि तिला बरं वाटत होतं.

होळीच्या तोंडावर, तट्टीवर ओणवी असताना, यमुनाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती केळ्यांवर पडली नाही, बाजूला पडली. पडतानाही तिने तेवढं सांभाळलं. शत्रुघ्नने तिला रिक्षात घालून डॉक्टर रेजिनांच्या दवाखान्यात नेलं. रेजिनाबाईंनी तिच्या पापणीची आतली बाजू पाहिली. ती पांढरी होती. मग नाडी धरली.

"शौचाला कसं होतं, काकी?"

शत्रुघ्न खिडकीबाहेर बघू लागला.

"होतं की. रोज होतं."

"रंग?"

"काळा. पन तो लोखंडाच्या गोळ्यांचा. आशाताई बोललेली, घाबरायचं नाय."

"बरोबर बोलली. त्या गोळ्यांनी काळं होतं. अजून घेता ना?"

"नाय. पोट धरायचं त्यांनी. सोडल्या."

"कधी?"

"दिवाळीत."

रेजिनाबाईंनी नाडी सोडली नाही. "आता होळी आली, काकी. मग काळं कशाने होतंय?"

यमुनाने शत्रुघ्नकडे पाहिलं, जणू उत्तर त्याच्याकडे असावं. मी आतून ऐकत होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझा निरोप नीट वाचत होतं. आता बाईंनी दुसरीकडे वळू नये, एवढंच मी मागत होतो.

"चिकट असतं का? डांबरासारखं?"

"आता हे पन बाप्यामानसासमोर सांगायचं?"

"काका, तुम्ही बाहेर बसा."

"मी ऐकतच नाय," शत्रुघ्न खिडकीतूनच म्हणाला.

"चिकट," यमुना हळूच म्हणाली. "पानी ओतलं तरी जात नाय."

"आणखी कुठली गोळी?"

शत्रुघ्नने सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी ते नुसतं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कंबरेची हाय. मीच आनतो," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण आवाज खाली गेला. "आता जेवनावरच घ्यायला लावीन. मग चालंल ना?"

"नाही, काका. ही गोळी पोटात पडल्यापुरतीच लागत नाही. रक्तातून फिरून पुन्हा पोटाच्या अस्तराशी येते. जेवलं म्हणून ती सोडत नाही. आजपासून ही बंद. आणि आत्ता, असेच, वसईला जायचं. मोठ्या दवाखान्यात. मी फोन करते."

"केळी उन्हात हायत," यमुना म्हणाली.

"असू देत."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बाटलीतून चढवलेलं दुसऱ्या कोणाचं तरी रक्त. तोंडाने काही घ्यायचं नाही, ही ताकीद. इतक्या वर्षांत मला उपाशी ठेवलं ते कधी केळ्यांसाठी, कधी देवासाठी. या वेळी पहिल्यांदा माझ्यासाठी ठेवलं. मग घशातून खाली सरकत आलेली एक नळी, आणि

उजेड.

मी कधी उजेड पाहिला नव्हता. मला वाटलं होतं मी गुलाबी असेन. मी लाल होतो, सुजलेला, जागोजागी टिपके. खालच्या दाराजवळ तो खळगा, पांढऱ्या तळाचा, कडा उचललेल्या, मध्ये एक काळा ठिपका. एवढ्याशा जागेतून एवढं सगळं गेलं होतं.

त्यांनी तिथे औषध टोचलं, बारीक चिमटा लावला. झिरपणं थांबलं. जाताना माझ्या अस्तराचा कणभर तुकडा चिमटून नेला. बाहेर तो एका पिवळ्या औषधात टाकल्यावर औषध गुलाबी झालं म्हणे. जंतू सापडला. लहानपणापासून दडून बसलेला, एका थेंबात उघडा पडला.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी संजनाला समजावून सांगितलं. सकाळी उठल्यावर आम्ल कमी करायची कॅप्सूल. अर्ध्या तासाने पोटाला आधार होईल असं खाणं. त्यावर लगेच जंतू मारायच्या गोळ्या. संध्याकाळी पुन्हा तसंच. दोन आठवडे, एकही वेळ न चुकवता. मध्ये सोडलं तर जंतू अर्धमेला होऊन उठेल, आणि मग त्याच औषधाला दाद देणार नाही.

"सकाळी?" यमुनाने विचारलं होतं.

"सकाळी."

तिने लगेच मान डोलावली. मी तिला ओळखतो. ती लगेच मान डोलावते तेव्हा मला कळ येते.

मित्रांनो, आता जे घडतं आहे ते आज सकाळचं आहे, या घडीचं. कॅप्सूल आली, त्याला अर्धा तास होऊन गेला. ओसरीवर केळी सोलून ठेवली आहेत. पिकलेली केळी कोणासाठी थांबत नाहीत, आणि यमुना बसून का होईना, ती लावणार म्हणते आहे. तिच्या हातून लावलेलीच सुकेळी लोक मागतात. जंतूच्या गोळ्या खिडकीत आहेत. भाकरी झाकलेली आहे.

पुढे मला बोलता येईल की नाही माहीत नाही, म्हणून मला जे मागायचं आहे ते आत्ताच मागतो. तुमच्या घरात कोणी दुखण्यावरच्या गोळ्या स्वतःच्या मनाने, दिवसामागून दिवस घेत असेल, तर त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. कोणाला काळं, चिकट शौच होत असेल, रक्ताची ओकारी होत असेल, तर कारण घरात बसून शोधू नका. त्याच दिवशी दाखवा. लाजू नका, आम्हाला लाज परवडत नाही. पाणी स्वच्छ प्या, जेवणाआधी हात धुवा. आणि दिलेलं औषध बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. मी फार थोडे शब्द बोलतो. ते कोणीतरी

थांबा.

"आई, खाऊन घ्या. मला निघायचं आहे."

"केळी उलटली की घेते गो."

"उलटेपर्यंत दुपार होईल. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला काय ठाऊक हात उष्टा होतो ते?"

"ज्यांचा नियम होता त्या तरी कुठे बघायला आल्या आहेत?"

"माल देवापुढे जातो, संजना. त्या बघू दे नायतर नको बघू दे."

भांड्याचा आवाज आला. मग पाण्याचा, कोणीतरी हात धुतल्याचा. मग शत्रुघ्न आला हे ओळखू आलं, कारण तो ओसरीवर बसताना कण्हतो.

"काय वो?" यमुना म्हणाली. "ताट कुठं घेऊन बसलात?"

"तुझा हात उष्टा होता कामा नये ना? मग माझा होऊ दे. मला कुठं केळी लावायची हायत? तू आपली लावत ऱ्हा."

"बायका बघतायत समोरून."

"बघू दे."

"संजना, सांग याना."

"मी काय सांगू? मला उशीर होतोय," संजना म्हणाली, पण तिची पावलं हलली नाहीत.

"लग्नात भरवलात तेव्हा अर्धा नाकाला लावलेला," यमुना म्हणाली.

"तेव्हा घाबरलेलो."

"आनि आता?"

शत्रुघ्नने भाकरी दुधात कुस्करली. तट्टीवर एक केळं ठेवल्याचा हलका आवाज झाला. मग दुसरं. मी वरच्या दाराशी अंग आवळून बसलो होतो. माझी जखम अजून ओली आहे, जंतू अजून जिवंत आहे, आणि वर एका बाईचं तोंड मिटलेलं आहे.

"आ कर," शत्रुघ्न म्हणाला.

तट्टीवर तिसरं केळं ठेवल्याचा आवाज आला.

मग भाकरी आली. दुधात कुस्करलेली, मऊ, नीट चावलेली. दार मिटलं, पुन्हा उघडलं. दुसरा घास. तिसरा. आणि त्यांच्या मागून पाण्याबरोबर, एकामागून एक, गोळ्या.